आरोग्याचा भाग म्हणून अध्यात्म: पुण्यात सुरुवात कशी करावी

पुण्यात चारचौघांत ‘मला जरा अध्यात्माकडे वळायचंय’ असं बोलून बघा. चहा संपायच्या आत चार पत्ते मिळतात. एक जण विपश्यनेच्या ध्यानशिबिराचा फॉर्म भरायला सांगतो, दुसरी गुरुवारच्या सत्संगाला बोलावते, तिसऱ्याच्या मते पोथीचं पारायण हाच उपाय आणि चौथा म्हणतो, उद्या पहाटे टेकडीवर चल. सगळे मनापासून सांगतात, त्यांना स्वतःला त्याचा उपयोगही झालेला असतो. पण तुम्हाला कशाची उणीव भासतेय, हे कुणी विचारलेलं नसतं. वर्षभरात अशा चार ठिकाणी जाऊन आलेली आणि ‘आपला तो पिंडच नाही’ असं ठरवून मोकळी झालेली माणसं मला सतत भेटतात. पिंडाचा दोष असतो असं मला वाटत नाही. त्यांची सुरुवात दुसऱ्याच्या पत्त्यावरून झालेली असते.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवलाय. आधी स्वतःची पाहणी, मग एकच साधना आणि तीही छोटी. तिचा परिणाम तपासायचा तो घरातल्या आणि कामावरच्या वागण्यात. देव मानणारे, न मानणारे आणि अजून काहीच न ठरवलेले, तिघांनाही हा क्रम चालतो.

आरोग्याशी याचा संबंध काय, असं विचारणारे डॉक्टर मित्र आहेत, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या व्याख्येत आरोग्याची तीन अंगं आहेत: शारीरिक, मानसिक आणि सामाजिक. १९८४ मध्ये त्याच संघटनेच्या सभेत आध्यात्मिक अंगाचीही दखल घेणारा ठराव झाला. पुढे १९९८ मध्ये मूळ व्याख्येतच तो शब्द घालावा असा प्रस्ताव आला, पण व्याख्या काही बदलली नाही. त्या वादात मी पडत नाही. माझ्यासमोर असतात ती माणसं अशी: रक्ताचे रिपोर्ट चांगले, घराचे हप्ते वेळेवर, मुलं मार्गाला लागलेली, आणि तरी ‘हे सगळं कशासाठी चाललंय’ या प्रश्नाने रात्री डोळा लागत नाही. हा प्रश्न हाताळायची ज्याची त्याची रीत, आणि स्वतःशी, माणसांशी व आपल्याहून मोठ्या अशा कशाशी तरी जोडलेलं राहण्याची धडपड, याला मी इथे अध्यात्म म्हणतोय. ते मोठं काही निसर्ग असेल, विठ्ठल असेल, संगीत असेल किंवा नुसती माणुसकी असेल.

एक गोष्ट मात्र सुरुवात करायच्या आधीच सांगायला हवी. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, नैराश्य, कशाचंही औषध चालू असेल तर ते साधनेच्या भरवशावर कमी करायचं नाही, बंद तर नाहीच. उपास करायचे असतील तर मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. आणि उदासी दोन आठवड्यांहून जास्त काळ उतरत नसेल, झोप-भूक उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर ध्यानाचा वर्ग शोधत बसू नका. मनोविकारतज्ज्ञांकडे जा किंवा १४४१६ या क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा २०२२ पासून चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. उपचार आणि साधना एका वेळी चालू शकतात. फक्त आधी काय, हा क्रम चुकता कामा नये.

पहिलं पाऊल: दोन आठवडे फक्त टिपणं

एक साधी वही घ्या. मोबाइलवर नको, कारण मोबाइल उघडला की माणूस दुसरीकडेच जातो. रोज झोपण्यापूर्वी तीन प्रश्नांची एकेक ओळ लिहायची. आज कशाने मन भरून आलं? आज कुठे जीव गुदमरला? आज कशात वेळेचं भान राहिलं नाही? यापलीकडे काही करायचं नाही. ध्यान नाही, जप नाही, कुठलं पुस्तकही नाही.

हे अगदी किरकोळ वाटतं आणि म्हणूनच लोक हे पाऊल गाळतात. पण सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. कोथरूडच्या एका निवृत्त बँक अधिकारी काकूंची ठाम समजूत होती की आता या वयात जपमाळ धरायला हवी. त्यांच्या वहीत मात्र पुनःपुन्हा एकच नोंद येत होती: सोसायटीच्या वॉचमनच्या मुलीला गणित शिकवताना तास कसा गेला ते कळलं नाही. त्यांची साधना तिथून सुरू झाली, माळ फार नंतर आली. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण स्वतःला पक्का नास्तिक म्हणवत होता. त्याला मन भरून आल्याच्या नोंदी सापडल्या त्या सगळ्या गाण्याच्या. देव मानायचा की नाही हा त्याचा प्रश्न तसाच राहिला, पण रोज सकाळी वीस मिनिटं तंबोरा लावून षड्ज, म्हणजे ‘सा’, धरायला त्या प्रश्नाचं उत्तर लागत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात वहीच्या मागच्या बाजूला आणखी एक काम करा. लहानपणापासून धर्माच्या, देवाच्या, संस्कारांच्या नावाने जे जे आलं ते आठवेल तसं लिहून काढा. तिन्हीसांजेचं शुभं करोति, आजोळच्या देवळातला काकडा, आजीचे सोवळ्याचे नियम, श्रावणातल्या कहाण्या, पाळीच्या दिवसांत बाजूला बसवणं, परीक्षेआधीचे नवस. मग प्रत्येकापुढे खूण करा: यातून बळ मिळालं, का भीती, का काहीच नाही? बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की ‘हे केलं नाही तर काहीतरी वाईट होईल’ या धास्तीपोटी आपण निम्म्या गोष्टी ओढत आणल्यात. ज्यातून बळ मिळालं होतं ते मात्र पुण्याला नोकरीसाठी आल्यावर, फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर सुटून गेलं. भीतीच्या खुणेपुढच्या गोष्टी लगेच टाकून द्या असं मी म्हणणार नाही, घरात त्यावरून वाद घालू तर मुळीच नका. फक्त आपली साधना त्यांच्यातून निवडायची नाही.

ही मागची पानं लिहिताना काही जणांना रडू येतं, जुना राग वर येतो. येऊ द्या. फार जड झालं तर तेवढ्यापुरतं थांबा आणि विश्वासाच्या माणसाशी बोला.

दुसरं पाऊल: झोप आणि पाठ

इथे थोडक्यात सांगतो. झोप अपुरी असेल तर डोळे मिटून बसलेला माणूस ध्यान करत नाही, पेंगतो. पाठ दुखत असेल तर सगळं लक्ष पाठीत. म्हणून साधनेआधी महिनाभर झोपायची वेळ ठरवा आणि शरीराला थोडं वळण लावा. योग शिकायला पुण्याइतकं सुदैवी शहर क्वचितच असेल. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये इथे शिकवायला आले आणि १९७५ मध्ये शिवाजीनगरला त्यांची रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. पट्टे, लोड, खुर्च्या, विटा वापरून अवघडलेल्या शरीरालाही आसन साधता यावं, ही त्यांची पद्धत आता जगभर गेली आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं, तिथे योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास झाला. अर्थात जवळच्या बागेतला योगवर्गही सुरुवातीला पुरतो. शिकवणारा तुमची दुखणी आधी विचारतो की नाही, एवढं बघा.

मांडी घालून बसता येत नसेल तर खुर्चीत बसा. त्यात कमीपणा नाही.

तिसरं पाऊल: एकच साधना, रोज दहा मिनिटं

आता वही उघडा आणि नोंदींचा कल कुठे आहे ते बघून खालीलपैकी एक घ्या. दोन नको. तीन महिने बदलायची नाही.

श्वास. ज्यांना शब्दांचा, श्रद्धेचा कुठलाच आधार नको वाटतो त्यांनी इथून सुरुवात करावी. ताठ पण सैल बसा. मनात चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. श्वास रोखायचा नाही, ओढूनताणून लांबवायचा नाही. आकडा साधारण एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडण्याला वेळ जास्त. पहिला आठवडा पाच मिनिटं, मग दहा. चक्कर आली, छातीत दडपण वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. काही माणसांना श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरंच वाटतं. त्यांनी हट्ट न करता पावलांकडे लक्ष देत हळू चालावं.

नाम. घरात नामाची परंपरा असेल आणि वहीत तिच्यापुढे बळाची खूण असेल, तर याहून सोपं काही नाही. माळ १०८ मण्यांची. ती मधल्या बोटावर घेऊन अंगठ्याने एकेक मणी आत ओढायचा, तर्जनी लावायची नाही, आणि मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. सुरुवात मोठ्याने करा, मन पळायचं थोडं कमी झालं की ओठांतल्या ओठांत, आणि पुढे मनातल्या मनात. जुन्या लोकांनी वाचिक, उपांशु, मानस असा क्रम लावलाय तो यासाठीच. सरळ मानस जपाला बसणाऱ्याचं नाम दुसऱ्या मिनिटाला भाजीच्या यादीत जातं.

इथे एक अभ्यास सांगावासा वाटतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. ख्रिस्ती जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र म्हणताना, दोन्ही वेळी माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. अभ्यास लहान होता, त्यावरून जपाने रोग बरे होतात असं म्हणता येणार नाही. पण दोन वेगळ्या धर्मांतल्या माणसांनी शतकानुशतकं जी लय धरली, ती शरीराला मानवणारीच निघाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शांत बसणं. दहा मिनिटं बसून येईल तो विचार येऊ द्यायचा, त्याच्यामागे जायचं नाही, गेलो हे लक्षात आलं की परत यायचं. दहा मिनिटांत साठ वेळा परत यावं लागलं तरी तो अभ्यासच झाला. ‘मन एकाग्र होत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो. परत येण्याचा सराव हीच साधना आहे, त्यामुळे मन पळालं म्हणून नापास कुणी होत नाही.

वाचन. आपल्या परंपरेतल्या ग्रंथातली एक ओवी, एक अभंग, एक वचन. पाच मिनिटं वाचायचं, पाच मिनिटं नुसतं घोळवायचं. पारायणाचा वेग इथे नको. अर्थ कळला नाही तर तसाच दिवसभर सोबत ठेवायचा.

सेवा. काकूंसारख्या नोंदी असलेल्यांसाठी. पुण्यात अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक लागतात, रेकॉर्ड केलेली पुस्तकं लागतात. गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी भाज्या चिरायला आणि भांडी घासायला कुणीही जाऊ शकतं. वृद्धाश्रमात गप्पा मारायला माणूस हवा असतो. दोन अटी पाळा: दर आठवड्याला ठरलेली वेळ चुकवायची नाही आणि फोटो काढायचा नाही. सेवा निवडली तरी रोज दहा मिनिटं गप्प बसायला ठेवाच, नाहीतर सेवेचं रूपांतर लवकरच धावपळीत होतं.

देव न मानणाऱ्यांना प्रार्थनेची ओढ वाटली तर त्यांनी अवघडू नये. मूर्ती, नवस, कर्मकांड बाजूला ठेवून प्रार्थना करणारा प्रार्थना समाज १८६७ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशा पुण्याशी जोडलेल्या माणसांनी तो वाढवला. स्वतःच्या शब्दांत, कुणालाही उद्देशून न म्हटलेली प्रार्थनाही चालते. ‘आज माझ्याकडून कुणी दुखावलं जाऊ नये’ एवढी पुरे.

चौथं पाऊल: घरात जागा आणि वेळ

वन बीएचकेमध्ये चार माणसं राहतात तिथे देवघर वेगळं नसतं, ध्यानाची खोली तर सोडाच. एक सतरंजी किंवा एक ठरलेली खुर्ची पुरते. बैठक रोज तिथेच. शक्य झालं तर पहाटे, पाणी यायच्या आणि मुलांच्या डब्याच्या आधी. ज्या घरात पहाट स्वयंपाकघरात जाते तिथल्या बाईला ‘पहाटे उठून ध्यान कर’ हा सल्ला म्हणजे झोपेवरच घाला आहे. तिने दुपारी जेवणं आवरल्यावरची दहा मिनिटं घ्यावीत, आणि त्या दहा मिनिटांत दार कुणी वाजवायचं नाही, हे घरच्यांनी पाळावं. ऑफिसला जाणाऱ्यांनी मेट्रोत किंवा पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसावं. गाडी चालवताना मात्र डोळे मिटणं दूरच, मंत्रात गुंगणंही नको.

खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. नेहमीइतकंच बसायचं.

पाचवं पाऊल: आठवड्यातून एकदा बाहेर

घरातली बैठक महिनाभर टिकली की आठवड्यातला एक तास शहरातल्या एखाद्या जागेला द्या. एकट्याने जा, इअरफोन न घालता.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या बहुतेक लोक व्यायाम म्हणून चढतात. एकदा पायरीगणिक एक श्वास धरून, कुणाला मागे टाकण्याची घाई न करता चढून बघा. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर १७४९ चं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. पानिपतानंतर खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ मध्ये शेवटचे दिवस या टेकडीवरच काढले. मी वर गेलो की शहराकडे बघताना हे आठवतं, आणि आपल्या चिंतांचं खरं माप जरा कळतं.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर हे आठव्या शतकाच्या आसपास काळ्या पाषाणात कोरलेलं लेणं आहे. रस्त्याच्या गोंगाटापासून काही पावलांवर, पण खाली उतरलं की गारवा आणि शांतता. पुढचा गोल नंदीमंडप बघा, मग एका खांबाशी बसा. शेजारीच जंगली महाराजांचं समाधी मंदिर. दुपारी गर्दी कमी असते.

निसर्गाकडे कल असलेल्यांसाठी वेताळ टेकडी. पहाटे मोरांचे आवाज येतात, खाणीच्या कडेला बसायला जागा आहे. वाटा सोडून झुडपांत शिरू नका आणि अंधारात एकट्याने जाऊ नका.

मग एखाद्या आठवड्यात आपल्या परंपरेबाहेरच्या जागी जा. कॅम्पात हजरत बाबाजान यांचा दर्गा आहे. ही सूफी साध्वी एका कडुनिंबाच्या झाडाखाली वर्षानुवर्षं राहिली, १९३१ मध्ये गेली. डेक्कन कॉलेजात शिकणारा मेरवान इराणी तिला १९१३ मध्ये भेटला आणि पुढे मेहेरबाबा म्हणून जगाला माहीत झाला. देहूरोडच्या विहारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या दोन वर्षं आधी. लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ज्यूंचं ओहेल डेव्हिड प्रार्थनास्थळ १८६७ चं, आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते. पारशी अग्यारीत इतरांना प्रवेश नसतो, तिथे आग्रह धरू नये. दर्ग्यात आणि गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायचं, चपला बाहेर, फोन बंद. तिथे काही मागायला किंवा पारखायला जायचं नाही. आपल्याहून वेगळी माणसं कशापुढे नम्र होतात ते शांतपणे पाहायचं.

कीर्तन ऐकायचं असेल तर सदाशिव पेठेतलं नारद मंदिर आहे. एकट्याला न साधणारी तंद्री शंभर माणसांच्या टाळ्यांत कधीकधी सहज लागते.

सहावं पाऊल: सोबत, आणि गुरू

एकट्याची साधना तीन-चार महिन्यांनी कोरडी पडते. तेव्हा दोन-चार माणसं हवीत. आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून वीस मिनिटं गप्प बसणं आणि मग चहा, एवढं साधं मंडळ चालतं. नियम दोन: कुणी कुणाला उपदेश करायचा नाही आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही.

गुरूचा प्रश्न मात्र नाजूक आहे आणि त्यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण इथे माणसांचं खरं नुकसान होतं. चांगला मार्गदर्शक भेटणं हे भाग्यच. पण घाई करू नका. वर्षभर नुसतं ऐका, बघा. ते रागावतात तेव्हा कसे बोलतात? ड्रायव्हरशी, स्वयंपाकीणबाईंशी कसे वागतात? प्रश्न विचारणाऱ्याला मान मिळतो का त्याची श्रद्धा कमी ठरते? पैशाचा हिशेब उघड आहे का? सोडून गेलेल्या माणसांबद्दल तिथे काय बोललं जातं, हे तर जरूर ऐका.

काही गोष्टी दिसल्या की त्याच दिवशी उठून निघायचं. डॉक्टरांची औषधं बंद करायला सांगणं. घरच्यांपासून लपवायला सांगणं. एकांतात बोलावणं, नको तिथे स्पर्श. दोष, करणी, ग्रहपीडा सांगून पैसे काढणं. भीती घालणं, कुठल्याही स्वरूपात. यातले काही प्रकार कायद्याने गुन्हा आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणं, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्र करणं, यांसारख्या कृत्यांना त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. हा कायदा श्रद्धेच्या विरोधात आहे असं अजूनही काही जण समजतात. पूजा, प्रार्थना, कीर्तन, वारी यांना त्याचा कुठेही अडथळा नाही. प्रामाणिक साधकाला तर त्याचा आधारच आहे.

सातवं पाऊल: तीन महिन्यांनी तपासणी

तीन महिन्यांनी वही काढा. ध्यानात प्रकाश दिसला का, नाद ऐकू आला का, हे तपासायचं नाही. असे अनुभव येतात, जातात, त्यांच्या मागे लागलं की साधना बाजूला राहते. तपासायचं ते हे: सिंहगड रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये कुणी कट मारला तर राग किती वेळ टिकतो? म्हाताऱ्या वडिलांनी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तर ऐकून घेता येते का? चूक झाली तर माफी मागायला किती वेळ लागतो? झोप कशी आहे? ‘नाही’ म्हणायचं तिथे म्हणता येतं का?

ही तपासणी एकट्याने करू नका. घरातल्या एका माणसाला विचारा, ‘मी तीन महिन्यांपूर्वी होतो त्यापेक्षा माझ्यासोबत राहणं सोपं झालंय का?’ उत्तर ऐकून वाद घालायचा नाही. बायको किंवा नवरा म्हणाला की तुम्ही जास्तच चिडखोर झालात, साधनेच्या नावाखाली घरातली कामं टाळता, तर ते खरं धरून चला. अशा वेळी साधना बदलण्यापेक्षा वेळ कमी करून दहाची पाच मिनिटं करून बघा, आणि सकाळी बसायच्या आधी घरातलं एक काम आपणहून करा. आणखी महिनाभर फरक पडला नाही तर मग दुसरी साधना घ्या. त्यात आधीच्या साधनेचा अपमान नाही.

काही जणांना उलट अनुभव येतो: माणसं नकोशी होतात, कशातच रस वाटत नाही, आणि त्यालाच वैराग्य समजलं जातं. अशा वेळी वर सांगितलेला डॉक्टरांचा क्रम आठवा.

आठवं पाऊल: लांबचा पल्ला

वर्षभर रोजची बैठक टिकली की मोठं काही घ्यायला हरकत नाही. त्याआधी नको, कारण दहा दिवसांचं शिबिर रोजच्या दहा मिनिटांची जागा घेऊ शकत नाही.

विपश्यनेचं निवासी शिबिर दहा दिवसांचं असतं. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतलं इगतपुरीचं केंद्र १९७६ पासूनचं. पुण्यात स्वारगेटजवळ आणि आळंदीजवळ मरकळला केंद्रं आहेत. फी नसते, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर खर्च चालतो. पहाटे चारला उठायचं, दिवसाला दहाएक तास बसायचं, पूर्ण मौन, फोन नाही, वाचन नाही, लेखनही नाही. आदल्या दिवशी दुपारी पोचावं लागतं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटका होते, म्हणून रजा बारा दिवसांची टाका. परत आल्यावर आणखी एक दिवस मोकळा ठेवलात तर उत्तम. फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल विचारतात तिथे काहीही लपवू नका. गंभीर मानसिक आजार होऊन गेलेल्यांना इतका दीर्घ, सलग अभ्यास झेपतोच असं नाही, आणि केंद्रवालेही तेच सांगतात.

एका जागी बसणं ज्यांच्या स्वभावात नाही त्यांच्यासाठी वारीचा एक टप्पा. ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानोबांची आळंदीहून निघते. पुण्यात ज्ञानोबा भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असतात. पुढे हडपसरहून वाटा वेगळ्या होतात: तुकोबांची पालखी लोणी काळभोरला, ज्ञानोबांची दिवे घाट चढून सासवडला. पहिल्या वर्षी आळंदी ते पुणे एवढाच टप्पा ठेवा. तोही दिवसभराचा आहे, म्हणून महिनाभर आधीपासून चालायचा सराव करा. ओळखीच्या दिंडीत नाव देऊन चाला, सेल्फीसाठी मध्येच रांगेत शिरू नका. नवे बूट घालू नका, वापरलेल्या चपला बऱ्या. पाण्याची बाटली, रेनकोट, रोजची औषधं आणि रिकामी पिशवी जवळ असू द्या, कारण वाटेत लोक इतकं देतात की कचरा आपणच उचलून न्यावा लागतो. सासवडपर्यंत गेलात तर परतीची सोय आधी ठरवा, त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो. आणि चालताना टाळ कुणी हातात दिला, तर वाजवता येत नाही म्हणून परत करू नका. शेजारचा वारकरी दोन मिनिटांत ठेका शिकवतो.